सांगण्यापुरते मावसभाऊ



दर्यापुरात विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही आपल्यापैकीच काही जणांची आहेत. येवदा, खल्लार, अंजनगाव, थेट धारणी-चिखलदऱ्याकडची मुलेही इथे शिकायला राहतात. एक खोली, बाहेर सामाईक नळ, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी. परीक्षा संपल्या की मुले गावी जातात. मग दोन महिने रिकाम्या पडणाऱ्या त्या खोलीचे काय करावे, हा प्रश्न मला फार किरकोळ वाटत असे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका रविवारी मिस्सानंतर ओळखीच्या एक काकू थांबल्या. (त्यांना विचारूनच लिहीत आहे, नाव मात्र कुणाचेच देत नाही.) पती वारलेले, दोन खोल्यांचे भाडे हाच मोठा आधार. त्यांच्याकडे धारणीकडचा एक मुलगा बी.ए.ला होता. भाडे महिना १५०० रुपये. गावी जाताना त्याने खोली पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोघांना दिली, प्रत्येकी १००० रुपये महिन्याने. काकूंना एवढेच सांगितले, "माझे मावसभाऊ आहेत, दोन महिने राहतील."

पोरे पहाटे मैदानावर धावायला जात, दुपारी पत्र्याखाली पडून राहत. आपल्याकडचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. एका रात्री त्यांतल्या एकाला ऊन बाधले. उलट्या, ताप, बडबड. दुसरा त्या दिवशी गावाला गेलेला. काकूंनी शेजारच्याचा ऑटो काढायला लावून त्याला दवाखान्यात नेले. तिथे केसपेपरसाठी विचारले: पूर्ण नाव? वडिलांचे नाव? गाव? जवळचा नातेवाईक? काकूंना 'मावसभाऊ' यापलीकडे काहीच माहीत नव्हते, आणि तेही खोटे होते. खोली देणाऱ्या मुलाला फोन लावला, तर मेळघाटात रेंज नाही. पोरगा सकाळी शुद्धीवर आला, तेव्हा काकूंना त्याचे खरे नाव कळले.

"सर, सांगा, मी त्याले काढू का राहू देऊ?" काकूंनी विचारले. त्यांचा राग ५०० रुपयांच्या फायद्यावर होता, हे मी मुद्दाम नमूद करतो.

जून अखेर तो मुलगा परतल्यावर मी त्याच्याशी बोललो. त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. तो म्हणाला, "सर, दोन्ही महिन्यांचे भाडे मी भरले आहे. खोली सोडली असती तर जुलैत ती मला मिळाली नसती. मग माझ्या पैशाची खोली रिकामी ठेवून कुलूप लावण्यात कोणते पुण्य? काकूंचे काय गेले?" त्याचे वडील मजुरी करतात. त्या दोन महिन्यांचे ३००० रुपये त्या घराला जड होते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी व्याजाचा विचार करताना एक भेद केला होता. धान्य किंवा द्राक्षारस वापरला की संपतो. तिथे वस्तू देणे आणि तिचा वापर देणे वेगळे करता येत नाही. घर राहून संपत नाही. म्हणून मालकी स्वतःकडे ठेवून नुसता वापर देता येतो, आणि त्याचे भाडे घेणे न्याय्य असते. त्या मुलाने मे-जूनचा वापर विकत घेतला होता, हे यातून खरेच ठरते. पण मला वाटते, याच भेदात त्याच्या प्रश्नाचे उत्तरही आहे. ज्वारी विकणाऱ्याला ती पुढे कोण खाणार याच्याशी कर्तव्य नसते. घर मात्र परत येते. म्हणून आत कोण राहतो, हे मालकाला विचारावेसे वाटते.

कायद्यानेही इथे बरीच वळणे घेतली आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार करारात मनाई नसेल तर भाडेकरू पोटभाडेकरू ठेवू शकतो. आपल्या वऱ्हाडात १९४९ च्या घरभाडे नियंत्रण आदेशाने मालकाची लेखी परवानगी आवश्यक ठरवली. २००० साली लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जिथे चालतो, तिथे करारात मुभा नसेल तर पोटभाडे बेकायदा आहे. म्हणजे करार गप्प असेल, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ एका काळी 'हो' होता, आता 'नाही' आहे. आपल्याकडे तर करारच नसतो. "काकू, खोली आहे का?" "आहे बाबा." एवढ्यावर तीन वर्षे निघतात.

"काकूंचे काय गेले?" याचे साधे उत्तर पाणी. आपण खारपाणपट्ट्यात राहतो. बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, शहानूरचे नळाला येईल तेव्हा भरून ठेवावे लागते. एकाऐवजी दोघे आले की रांजण लवकर रिकामा होतो. विजेचे बिलही भाड्यातच धरलेले. पण हे हिशेब मिटवता येतात. मला खुपले ते वेगळेच. त्या दोन पोरांनी १००० रुपये भाडे तर दिलेच, शिवाय रोज सकाळी नळावर काकूंशी खोटे बोलण्याचे कामही त्यांच्या गळ्यात पडले. त्यांना ते नको होते. पण खोली गरजेची होती. आजारी पडल्यावर हक्काने हाक मारायचीही त्यांना सोय नव्हती. पोटभाडेकरू हा शब्दच पाहा. तो कुणाच्या तरी पोटात असतो, बाहेरच्याला दिसत नाही.

हे मी त्या मुलाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "विचारले असते तर काकू नाही म्हणाल्या असत्या."

हे मी काकूंना सांगितले, तर त्याही गप्प झाल्या. कारण ते खरे होते. बारा महिन्यांचे भाडे घ्यायचे, दोन महिने कुलूप पाहायचे, आणि गरजू पोरगा विचारायलाही घाबरेल असा दरारा ठेवायचा, यात काकूंचा वाटा काहीच नाही असे मी म्हणणार नाही. त्यांना ते आवडले नाही. पुढचे दोन रविवार त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या रविवारी बोलल्या. मुलाला त्यांनी काढले नव्हते. वहीच्या एका पानावर लिहून घेतले होते: उन्हाळ्यात खोली दुसऱ्याला द्यायची तर आधी सांगायचे, येणाऱ्याचे नाव, गाव आणि घरचा फोन द्यायचा, पाण्या-विजेचे वेगळे ठरवायचे. वरचे १००० रुपये मुलाने परत आणून दिले. काकूंनी विजेपोटी ३०० ठेवून बाकीचे त्यालाच दिले, म्हणाल्या, पुस्तकं घे. ते ७०० रुपये खरे तर त्या दोन पोरांना परत जायला हवे होते, असे माझे मत. काकू म्हणतात, "त्यायनं कबूल केलं होतं, दिलं." यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.