चकली आणि कसोटी

कॉलेजात शिकणारी माझी पुतणी दिवाळीला घरी आली, की फराळाच्या ताटाशेजारी गणिताची वही मांडून बसते. मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. पण परवा तिने मलाच विद्यार्थी केले आणि ध्रुवीय समीकरणे शिकवायला घेतली!

या पद्धतीत बिंदूचा पत्ता दोन गोष्टींनी सांगतात: मध्यापासूनचे अंतर, म्हणजे 'आर', आणि आडव्या रेषेशी होणारा कोन, म्हणजे 'थीटा'. आकृतीचा वरचा भाग खालच्याशी जुळेल का, हे आधीच कळावे म्हणून एक कसोटी असते. थीटाच्या जागी उणे थीटा घालायचे. समीकरण तेच राहिले तर आकृती सममित. 'आर = १ + कॉस थीटा' या कसोटीला उतरते, आणि कागदावर हृदयाच्या आकाराची रेखीव आकृती उमटते.

मग तिने लिहिले, 'आर = साइन (थीटा भागिले २)'. कसोटी लावताच चिन्ह उलटले. मी मास्तरी थाटात म्हणालो, "नापास!"

"काका, आधी काढून तर पाहा."

काढली. वरचा भाग म्हणजे खालच्याचे जणू पाण्यातले प्रतिबिंब!

कारण साधे होते. येथे एकाच दिशेला अनेक नावे असतात. उणे ३० अंश म्हणजेच ३३० अंश. उणे थीटाऐवजी '३६० उणे थीटा' घातले आणि तेच समीकरण उतरले. ज्या नावाला ते ओ देत नव्हते, त्याच नावाने आम्ही हाक मारीत होतो. कसोटी उतरली तर गुण आहे हे नक्की. न उतरली तर काहीच सिद्ध होत नाही.

माझा घास घशातच अडकला. वर्गात उभे केले की अडखळणारा एक मुलगा मला आठवला. "याला वाचन जमायचे नाही," असे मी त्याच्या वडिलांना सांगितले होते. त्यांनी त्याला दुकानात बसवले. पुढे एकदा मी तिथे गेलो, तर तो आंधळ्या आजीला पोथी वाचून दाखवीत होता. संथ, स्पष्ट, एकही शब्द न चुकता. मी वडिलांची विनवणी केली; पण मुलगा शाळेत परतला नाही.

म्हणून सगळ्यांना सरसकट पास करावे काय? नाही. ताटातली चकली कशीही दुमडा, तिचा एक भाग दुसऱ्याशी जुळायचा नाही. तिला सममित म्हणणे हा खोटेपणाच. पण ते चकली पाहून म्हणावे, कसोटी पाहून नव्हे.

आता वर्गात लाल पेन्सिल उचलली, की मी स्वतःला विचारतो: मास्तर, दुसऱ्या नावाने हाक मारून पाहिलीत का?