मावशींचा बाण

मीरा-भाईंदरची महापालिका २००२ साली झाली. भांड्यांचा धंदा इथे त्याच्या किती तरी आधीपासूनचा. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये कुठे स्टीलच्या पत्र्याचे सर्कल कापतात, कुठे प्रेसवर त्याचं पातेलं ओढतात, कुठे बफ लावून चकाकी आणतात. एकाच मालकाचा माल असे तीन-चार उंबरे फिरतो तेव्हा कुठे खोक्यात जातो. मालाबरोबर चलान फिरतं, आणि खरा हिशेब त्या चलानात असतो.

अशा एका कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या मावशी चलानांची नोंद लांब वहीत ठेवायच्या. शेठच्या मुलाने ठरवलं, आता सॉफ्टवेअर करायचं. मीरा रोडला राहणाऱ्या एका मुलीला ते काम मिळालं. मुलगी हुशार, कामाला वाघ. शेठच्या केबिनमध्ये चहा घेत बैठक झाली. माल पॉलिशला जातो, पॉलिश होऊन येतो, पॅकिंगला जातो, एवढंच तिला सांगण्यात आलं. तिने त्याच रात्री कोड लिहायला घेतला आणि पंधरवड्यात स्क्रीन चालू करून दाखवली. सगळ्यांनी कौतुक केलं.

महिनाभरात गाडं अडलं. ऐंशी किलो माल पॉलिशला गेला आणि त्यातला पंचावन्न किलोच परत आला, बाकीचा पुढच्या आठवड्यात येणार होता. स्क्रीनवर बटणं दोनच: 'आला' आणि 'आला नाही'. मावशींनी 'आला' दाबलं की पंचवीस किलो हिशेबातून नाहीसे. 'आला नाही' दाबलं की समोर पडलेला माल पॅकिंगला देता येईना. शिवाय बफिंगमध्ये धातू घासला जातो, त्यामुळे वजन थोडं उतरतंच. ते सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येक चलानासमोर तुटीची लाल खूण. मुलगी तक्रार आली की कोडमध्ये एक अट वाढवायची. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडायचं. मावशींनी वही बंद केलीच नव्हती.

एका दुपारी वैतागून ती डाय बनवणाऱ्या मिस्त्रींच्या खोलीत जाऊन बसली. मिस्त्री नव्या टोपाच्या डायचं ड्रॉइंग काढत होते. डाय उभी कापली तर आतून कशी दिसेल, ते कागदावर उतरत होतं. एका कोपऱ्याची गोलाई त्यांनी काढली, खोडली, पुन्हा काढली.

"काका, एवढ्याशा गोलाईला इतका वेळ?"

"ही कमी पडली तर पत्रा फाटतो. जास्त झाली तर सुरकुत्या येतात. पोलाद कापून, कडक करून झाल्यावर चूक कळली तर ती डाय भंगारात. इथे खोडरबराने भागतं." मग त्यांनी सहज विचारलं, "तुझं ड्रॉइंग कुठंय?"

तिच्याकडे ड्रॉइंग नव्हतं. कॉलेजात ती यूएमएल शिकली होती, पण परीक्षेपुरती. नव्वदीच्या दशकात सॉफ्टवेअरची चित्रं काढण्याच्या नाना पद्धती होत्या. ग्रेडी बूच, जेम्स रम्बो आणि इवार जेकबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र आणल्या, आणि १९९७ साली ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने ती सामाईक चित्रभाषा प्रमाण म्हणून स्वीकारली. तीच यूएमएल. आज तिच्यात चौदा प्रकारच्या आकृत्या आहेत: सात रचनेच्या, सात वागणुकीच्या. आपल्याकडे पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राने तर अशा आकृत्यांच्या प्रतिमानातून कोड आपोआप तयार करण्यापर्यंत मजल मारली. म्हणजे हे काम पोरखेळ नाही, हे मुलीलाही पटलं.

ती घरी गेली आणि चित्रं काढायला बसली. क्लास डायग्राम, सीक्वेन्स डायग्राम, यूज केस, डिप्लॉयमेंट, जे जे आठवलं ते सगळं तिने काढलं. मोठ्या कागदावर छापून स्टोअरच्या भिंतीवर लावलं. पोकळ बाण, भरीव चौकोन, तुटक रेषा, सगळं व्याकरणशुद्ध. शेठ म्हणाले, छान आहे. पॉलिशवाला बघून गेला. मावशी रोज त्याच्यासमोरून ये-जा करायच्या. पण कागदाला कोणी बोट लावलं नाही आणि सॉफ्टवेअर होतं तसंच अडत राहिलं. मला या गोष्टीतली सगळ्यात मोठी चूक इथे दिसते. ड्रॉइंग नव्हतं तेव्हा निदान काहीतरी राहिलंय हे जाणवत होतं. आता भिंतीवर कागद आला आणि काम झालं असं सगळ्यांना वाटू लागलं.

मिस्त्रींनी तो कागद पाहिला आणि एवढंच म्हणाले, "माझं ड्रॉइंग मी प्रेसवाल्याला दाखवतो. तो म्हणतो, काका, इथे पत्रा सरकायचा नाही. मग मी बदलतो. तुझ्या कागदावर कोणी काही बदललं?"

दुसऱ्या दिवशी मुलगी लॅपटॉप घरी ठेवून आली. कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन मावशींच्या टेबलाशी बसली. चौदापैकी एकच प्रकार तिने निवडला, अवस्थांची आकृती. मालाची प्रत्येक अवस्था म्हणजे एक चौकट, एकातून दुसरीत जायला एक बाण, आणि बाणावर लिहायचं की हे कशामुळे घडतं. तिने मराठीत चार चौकटी काढल्या: स्टोअरमध्ये, पॉलिशवर, परत आला, पॅक झाला. मध्ये तीन बाण.

"मावशी, ही तुमची वही आहे असं समजा. यात काय चुकलंय?"

मावशींनी चष्मा पुसला. 'पॉलिशवर' या चौकटीवर बोट ठेवलं. "इथून एकच वाट काय गं? अर्धा माल आला तर?"

मुलीने एक नवी चौकट काढली: थोडा आला.

"आणि आला पण डाग राहिले असले तर? तो मी ठेवून घेत नाही. परत पाठवते."

"म्हणजे 'परत आला' मधून उलटा..."

"आण ती पेन्सिल." मावशींनी 'परत आला' पासून मागे 'पॉलिशवर' पर्यंत वाकडातिकडा बाण स्वतः ओढला आणि वर लिहिलं: डाग. मग त्यांना थांबवणं अवघड झालं. चेपलेला माल भंगारात, तिकडे एक बाण. घासण्यातली घट किती चालते आणि कुठून पुढे पॉलिशवाल्याला जाब विचारायचा, ते 'परत आला' कडे जाणाऱ्या बाणावर. कारखान्याचे हिशेबनीस मागे उभे राहून बघत होते, तेही वाकले. "जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत यायला पाहिजे. जीएसटीच्या कायद्यात कलम १४३ आहे. मुदतवाढ नाही मिळाली, तर माल ज्या दिवशी बाहेर गेला त्याच दिवशी पुरवला असं धरतात, आणि कर बसतो." केबिनमधल्या बैठकीत हे कोणाच्याच तोंडून आलं नव्हतं. आता 'पॉलिशवर' मधून एक बाण असा निघाला, जो कोणी बटण दाबल्यावर नाही, नुसता काळ उलटल्यावर चालतो.

ही रीत काही भाईंदरलाच सुचलेली नाही. १९८०च्या दशकात इस्रायलमध्ये लावी नावाचं लढाऊ विमान बनत होतं. डेव्हिड हॅरेल हे संगणकशास्त्रज्ञ तिथल्या इंजिनिअरांबरोबर बसले. आपापलं यंत्र प्रत्येकाला पाठ होतं, वर्णनांचे जाडजूड दस्तऐवजही होते, पण अमुक बटण दाबल्यावर नेमकं काय होतं, याचं एक सलग उत्तर सापडत नव्हतं. हॅरेल विचारत गेले, काढत गेले. त्या बैठकांतून स्टेटचार्ट जन्मले, १९८७ साली त्यांनी ते मांडले, आणि पुढे यूएमएलमधली अवस्थांची आकृती त्यांच्यावरूनच आली. विमानाचं ज्ञान इंजिनिअरांकडे होतं आणि चलानाचं मावशींकडे. चित्रामुळे ते डोक्यातून बाहेर टेबलावर आलं, एवढ्यासाठीच मला या चौकटी-बाणांचं मोल वाटतं.

मुलीने जुन्या कोडमधल्या साठलेल्या अटी काढून टाकल्या आणि कागदाप्रमाणे नव्याने लिहिलं. एका चौकटीतून जेवढे बाण निघतात, तेवढीच बटणं त्या स्क्रीनवर. भिंतीवरचा मोठा कागद तिने उतरवला. मावशींच्या अक्षरातली आकृती तिने साध्या मजकुरातून चित्र काढून देणाऱ्या प्रोग्रामात उतरवली आणि ती फाइल कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवली. नियम एक केला: ज्या दिवशी कोड बदलेल त्याच दिवशी आकृती बदलायची, आणि मावशींनी पाहिल्याशिवाय बदल चालू करायचा नाही. पावसाळ्यात पॉलिशचा एक गाळा बंद पडून माल दुसरीकडे वळवावा लागला, तेव्हा आधी चौकट वाढली, मग कोड. ते काम एका दुपारीत आटोपलं. त्यानंतर केव्हातरी वही कपाटात गेली.

आकृतीचा ताजा कागद मुलीने मिस्त्रींना नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, प्रत्येक बाणावरून बोट फिरवलं.

"माल आला यात. पण माझ्या डायसुद्धा बाहेरच्या प्रेसवर जातात. कधी कधी वर्षानुवर्षं तिकडेच पडून राहतात. त्या कुठायत?"

मुलीने हिशेबनीसांना हाक मारली. ते म्हणाले, यंत्रसामग्रीला तीन वर्षांची मुदत असते, पण डाय आणि साचे त्या अटीतून वगळलेले आहेत.

"म्हणजे डायच्या चौकटीला मुदतीचा बाण नाही," मुलगी म्हणाली.

"कायद्याचा नसेल," मिस्त्री म्हणाले, "माझा आहे. सहा महिन्यांनी मला डाय बघायला मिळालीच पाहिजे, धार गेली की नाही ते. लिही."

तिने पेन्सिल त्यांच्या हातात दिली.