अर्जातला माणूस

नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल किती लिहावे? उर्दू माध्यमाच्या मुलांना अर्जलेखन शिकवताना हा प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर उभा राहतो. जुन्या उर्दू दरख्वास्तीच्या शेवटी 'फिदवी' किंवा 'ताबेदार' अशी सही असे. मराठीत 'आपला आज्ञाधारक' होते. अर्जदार जितका वाकलेला तितका अर्ज चांगला, अशी ती रीत. आता वाकणे गेले आणि त्या जागी सायबर कॅफेतला तयार बायोडाटा आला. खामगाव असो की मेहकर, दुकानदाराकडे एकच फाईल असते. नाव, गाव, टक्केवारी बदलली की नवा उमेदवार तयार. छंद सगळ्यांचे तेच, वाचन आणि क्रिकेट. (लग्नाच्या कागदालाही आपण बायोडाटाच म्हणतो. त्यामुळे की काय, काही मुले नोकरीच्या कागदावरही उंची आणि रंग लिहून मोकळी होतात.)

मलकापूरकडचा एक मुलगा असाच कागद दाखवायला आला. अनुभव : नाही. विचारपूस केली तेव्हा कळले, सलग दोन उन्हाळे त्याने मामाच्या दुकानात कूलरच्या मोटारी रिवाइंड केल्या होत्या. मग लिहिले का नाही? म्हणाला, "सर, वो तो घर का काम है, उसमें क्या लिखना?"

आपल्याकडे संकोचालाच नम्रता समजतात. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपणा सर्वांना ठाऊक आहे. तुरुंगातल्या सोबत्यांशी बोलताना त्यांनी आपल्या वाडवडिलांची नावे सांगितली होती. पण बादशहाकडे कोठारांची जबाबदारी मागताना खानदानाचा उल्लेख नाही, आणि ज्या रूपाची एवढी चर्चा झाली त्याचाही नाही. दोनच गोष्टी सांगितल्या : आपण नीट राखण करू शकतो आणि आपल्याला यातले कळते. काम मागताना आपले कसब सांगणे ही बढाई नव्हे, आणि कामाशी संबंध नसलेले न सांगणे ही लपवाछपवी नव्हे, असा मी त्याचा अर्थ घेतो.

पण न सांगताही जे कळते त्याचे काय? लेड बाय फाउंडेशनने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १,००० नोकऱ्यांसाठी दोन काल्पनिक तरुणींचे अर्ज पाठवले होते. पात्रता सारखीच, एकीचे नाव प्रियंका शर्मा, दुसरीचे हबीबा अली. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून अनुकूल उत्तर आले, हबीबाला १०३. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही मुस्लिम आणि दलित नावांच्या अर्जांना कमी प्रतिसाद मिळाल्याचे दिसले होते.

म्हणूनच शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरचा 'मुलाखतीशिवाय' हा पर्याय आमच्यातल्या अनेकांना बरा वाटतो. अभियोग्यता चाचणीचे २०० पैकी गुण, त्यावरून यादी. तिथे माणूस दिसत नाही, हाच त्यातला न्याय. मलाही ते काही अंशी पटते. पण पुण्याच्या किंवा औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, खाजगी कंपनीत अर्ज करणाऱ्याला ही सोय नाही. त्याला कोणी सुचवते, 'समीर'चे 'सॅम' कर. हा सल्ला मला पटत नाही. रुजू होण्याच्या दिवशी आधार कार्ड दाखवावेच लागते, आणि तोवर आपल्याच नावाची लाज वाटायला लागलेली असते, ती वेगळीच.

माझे म्हणणे नेमके उलट आहे. सगळे कागद एकाच फाईलमधून निघाले, तर त्यांच्यात वेगळे असे नावच तेवढे उरते. मग वाचणाऱ्याची नजर नावावरच अडते. मोटारींचा अनुभव लिहिल्याने ज्याचे मन आधीच कलुषित आहे तो बदलेल, अशी आशा मी दाखवणार नाही. मात्र ज्याला खरोखर कारागीर हवा आहे, त्याला विचार करायला काहीतरी मिळेल.

त्या मुलाच्या कागदावरून आम्ही छंद खोडले आणि तिथे दोन उन्हाळ्यांचे काम लिहिले. मामाच्या दुकानाचे नावही लिहायचे का, असे त्याने विचारले. मी म्हटले, पूर्ण लिही, पाटीवर आहे तसे.