राग विझवायचा की राखायचा?

आधी माझंच सांगतो. ऑफिसात बढतीची यादी लागली. यादीत माझं नाव होतं. दुपारी डबा खाताना शेजारच्या टेबलावरून एकजण बोलला, "यांचं काय बाबा, सरकारचे जावई!" सगळे हसले. मीही हसलो. नीट ऐका, मीही हसलो.

ते हसू गिळून लोकल पकडली. घरी आलो. आईनं ताट वाढलं. भाजीत मीठ जास्त पडलेलं. ताट भिंतीवर गेलं. आई काही बोलली नाही. फरशीवरची भाजी पदरानं पुसत राहिली.

त्या रात्री झोप नाही. ज्यानं मारलं त्याच्यापुढे दात काढले, आणि जिनं लोकांची धुणीभांडी करून शिकवलं तिच्यापुढे मर्दुमकी. याला विद्रोह म्हणायचं काय?

आपण रागाला मान देतो. द्यायलाच पाहिजे. पिढ्यान् पिढ्या आपल्याला रागवायचीसुद्धा बंदी होती. राग आला, म्हणजे आपण माणूस आहोत हे आपल्याला कळलं. म्हणून कुणी 'शांत हो, श्वास बघ' म्हटलं की आपल्या भुवया चढतात. हा संशय खोटा नाही. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी दुखणेकऱ्यांसाठी ध्यानाचे वर्ग काढले. त्यात वाईट काही नव्हतं. पण पुढे त्याचा बाजार झाला. आता मोबाईलवर घंटी वाजते, श्वास मोजा म्हणते. माणसाला बारा तास पिळायचं आणि वर ध्यानाला बसवायचं. बुद्धाचा श्वास उचलला, बुद्धाचा प्रश्न फेकून दिला.

गटारात उतरणाऱ्या माणसाला सांगा बरं, श्वास बघ म्हणून! १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला, तरी आपली माणसं मॅनहोलमध्ये गुदमरून मरतात. तिथे बघायला श्वासच उरत नाही. त्याच्या बायकोला 'दुःख तुझ्या मनात आहे' म्हणणं आणि 'दुःख तुझ्या मागच्या जन्मात आहे' म्हणणं, यात फरक काय? जुनाच कर्मसिद्धांत, सदरा नवा. बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर छापला गेला. त्यात धम्म एकट्या माणसाच्या गुहेत नाही, माणसामाणसांच्या संबंधात आहे. दुःख व्यवस्थेतही असतं, आणि ते हटवायचं असतं.

मग सम्मासती टाकून द्यायची? नाही दोस्तहो, इथेच आपण फसतो.

आपल्या वाट्याला दोन स्मृती आल्या. एक मनूची. ती २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळली. दुसरी अष्टांगमार्गातली, सम्यक् स्मृती. ती १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्माबरोबर आपल्याकडे आली. पहिली जाळली ते आपण छाती काढून सांगतो. दुसरीचं काय केलं? भिंतीवरच्या फोटोखाली ठेवून दिली.

पालीतल्या 'सति'चा मूळ अर्थ आठवण, भान. सतिपट्ठान सुत्तात भान ठेवायच्या चार जागा सांगितल्यात: काया, वेदना, चित्त, धम्म. चित्तात द्वेष असेल तर 'द्वेष आहे' असं जाणायचं. 'नाही' म्हणायचं नाही, हसून झाकायचं नाही, गिळायचं नाही. जाणायचं. बाबासाहेबांनीही सम्मासतीचा अर्थ मनाचं जागेपण असाच लावला. जागा माणूस म्हणजे थंड माणूस नव्हे. पहारेकरी जागा असतो तो झोप येत नाही म्हणून नाही, चोर येतो म्हणून.

मी त्या टेबलाशी जागा असतो तर मला कळलं असतं: कान तापलेत, पोटात गोळा आलाय, आणि तोंडावरचं हसू भीतीचं आहे. एवढं कळलं असतं तरी ते ताट वाचलं असतं.

आठवा, २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी प्यालो. मग अस्पृश्य देवळात शिरणार अशी आवई उठवून सवर्णांनी आपल्या माणसांची डोकी फोडली. आपल्यातल्या कित्येकांचे हात बदल्यासाठी शिवशिवत होते. बाबासाहेबांनी अडवलं. म्हणजे राग विझवला काय? हल्लेखोरांवर खटले झाले. त्याच वर्षी मनुस्मृती जळाली. तळ्याचा दावा कोर्टात लढला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात जिंकला. दहा वर्षं! भडकलेला राग दहा मिनिटं टिकत नाही. राखलेला राग दहा वर्षं टिकतो.

गावाकडे आपल्या आया रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायच्या. सकाळी फुंकर घातली की जाळ. निखारा विझू द्यायचा नाही आणि त्यानं झोपडीही पेटू द्यायची नाही. ही आपल्या आयांची सम्मासती. आपण मात्र झोपडीच पेटवतो. बायकोवर हात, पोराला शिवी, बाटली, एकमेकांच्या गटाची उणीदुणी. किती चांगले कार्यकर्ते असे गेले! व्यवस्थेच्या नावाची चिठ्ठी आपण घरच्यांना वाटत सुटतो. तो राग चळवळीचा होता. चळवळीतून चोरून घरी आणला.

म्हणून फार मोठं काही सांगत नाही. दारात चपला काढताना थांबा. दोन-चार श्वास बघा. विचारा: हा राग मला कुणी दिला? तो कुणाच्या पत्त्यावर जायचा? मग त्या पत्त्यावर पोचवा. तक्रार लिहून, संघटना बांधून, तोंडावर बोलून. ध्यानाला बसलात आणि उठून काहीच केलं नाही, तर ती झोप. न बसता नुसतेच धावलात, तर तीही झोपच.

दुसऱ्या दिवशी मी आईची माफी मागितली. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथं बोलला असतास बाबा, तर हितं भाजी वाया गेली नसती."

पुढच्या आठवड्यात त्याच टेबलावर तोच शब्द आला. मी डबा बाजूला ठेवला. कान तापले, ते मला कळलं. आवाज कापत होता, तेही कळलं. जे बोलायचं ते बोललो. सगळे गप्प झाले.

मी हसलो नाही. घरी गेलो, जेवलो. भाजीत मीठ त्या दिवशीही जास्तच होतं.

जयभीम.