दुसरा आलेला

दहावीचा निकाल लागला की चेण्यासारख्या लहान गावातही एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. पहिल्या आलेल्याच्या घरचे पेढे गावभर फिरतात; दोन गुणांनी मागे राहिलेल्याला मात्र 'कुठे कमी पडलास?' असे विचारले जाते. दुसरा येणे हे खरोखर अपयश आहे काय?

२०१७ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातून गेलेल्या दोन डॉक्टरांनी एकेकट्याने सायकलवरून अमेरिका ओलांडली. एक, नाशिकला लष्करी सेवेत असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ. दुसरे, नागपूरचे डॉ. अमित समर्थ. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत बारा दिवसांची. गोकुलनाथ आधी पोहोचले आणि ही स्पर्धा एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. समर्थ काही तासांनी पोहोचले. वाळवंट तेच, डोंगर तेच, मुदतही पाळलेली. पण 'पहिला' हा शब्द त्या काही तासांत हातचा गेला.

फ्रान्सच्या रेमाँ पुलिदोरची तर सारी कारकीर्दच अशा निसटत्या अंतराची. वाट्याने शेती कसणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा १९६२ ते १९७६ या काळात 'तूर द फ्रान्स' या शर्यतीत चौदा वेळा उतरला. तीनदा दुसरा आला, पाचदा तिसरा. आघाडीवरच्या स्पर्धकाची पिवळी जर्सी एक दिवसही त्याच्या अंगावर चढली नाही. १९६४ साली प्वी द दोमच्या चढावर तो आणि झाक आंकतील खांद्याला खांदा भिडवून झुंजले. अखेरीस पुलिदोर पुढे निसटला, पण आंकतीलची जर्सी चौदा सेकंदांनी वाचली. पॅरिसला अंतिम फरक उरला ५५ सेकंदांचा. आंकतीलचा तो पाचवा विजय.

तरीही फ्रेंच जनतेचे प्रेम पुलिदोरवरच अधिक जडले. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. हरलेल्यावर प्रेम करणे सोपे असते. त्यात जिंकलेल्याविषयीची असूयाही लपलेली असू शकते. आंकतीलचा घाम काही खोटा नव्हता. आणि पुलिदोर केवळ भाग घेण्यासाठी उतरत नव्हता. त्याच १९६४ साली स्पेनची मोठी शर्यत त्याने जिंकली होती.

संत योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानाच्या पहाटेची धाव आहे. पेत्राला मागे टाकून दुसरा शिष्य कबरेपाशी आधी पोहोचला. परंतु आत न शिरता थांबला, आणि मागून आलेला पेत्र आधी आत गेला. कोण आधी पोहोचला याची नोंद शुभवर्तमानकाराने आवर्जून ठेवली आहे; वेग त्याला क्षुल्लक वाटला नव्हता. थांबणेही त्याने तितक्याच आवर्जून नोंदले आहे. पालकांनो, मुलाचा क्रमांक आपण विचारतो. पुढे गेलेल्या मित्राकडे तो कोणत्या नजरेने पाहतो, हे कधी विचारतो काय?

शर्यती संपल्यावर आंकतील आणि पुलिदोर एकमेकांचे स्नेही झाले. आंकतील १९८७ साली कर्करोगाने गेला, पुलिदोर २०१९ साली. २०२१ मध्ये पुलिदोरचा नातू माथ्यू फान देर पूल याने ती पिवळी जर्सी मिळवली, तेव्हा आजोबांच्या आठवणीने त्याला रडू आवरले नाही.