ढिगाऱ्याला कान लावणारे नामदेवराय

घोटीहून कसाऱ्याकडे जाताना आता डोंगराच्या पोटातूनही वाट झाली आहे. समृद्धी महामार्गाचा तो सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई जवळ आली. आनंदच आहे. परंतु याच टप्प्यावर, शहापूर तालुक्यातील सरळांबे गावाजवळ, १ ऑगस्ट २०२३ च्या अपरात्री पुलाचे गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जीव गेले.

गेले त्यांचे दिवस झाले. पण जे वाचले, ज्यांनी शेजारचा सोबती दबताना पाहिला, त्यांचे काय? पोटासाठी त्यांना पुन्हा कुठल्यातरी पुलावर चढावेच लागते. मुलूख सोडून आलेला गडी, अंगावर मुकादमाची उचल, पत्र्याच्या खोलीत दाटीने निजणे, तेही रात्रपाळी असली तर नाही. उंचावर गेला की हात कापतो, छाती धडधडते. सांगावे कोणाला? सांगितले तर भित्रा ठरेल, वर रोज बुडेल. मग संध्याकाळी बाटली जवळ करतो. आपण ती बाटली तेवढी पाहतो आणि नाक मुरडतो. माळकऱ्याला ते फार सोपे पडते!

अहो, हात कापणे म्हणजे भित्रेपणा असता तर गीता झालीच नसती. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. एवढा धनुर्धर, पण गात्रे ढिली पडली, तोंडाला कोरड पडली, गांडीव हातातून निसटू लागले. आणि भगवंत काय करतात? त्या अख्ख्या अध्यायात त्यांच्या मुखी एकच लहानसे वाक्य आहे. बाकी सारा वेळ ते ऐकून घेतात. उपदेश मागाहून. आम्ही कीर्तनकार मंडळी नेमके उलटे करतो. माणसाने तोंड उघडले न उघडले तोच 'नाम घे, सगळे बरे होईल' म्हणून मोकळे होतो. नाम घ्यावेच, पण ते दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी नव्हे.

आणि चोखोबा कोण होते? मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामावरचे मजूर. शके १२६० मध्ये ते कूस कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गेले. नामदेवराय तेथे गेले. परंपरा सांगते, त्यांनी एकेका अस्थीला कान लावला. जिच्यातून विठ्ठलनाम उमटले ती चोखोबांची. त्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारी समाधी दिली. पायरीचे दर्शन घेताना आपण तेथेही माथा टेकतो. आम्हांला वाटते, तो कान आता जित्या मजुराला लावावा, अस्थी होण्यापूर्वी.

म्हणजे करावे काय? कामावरचा गडी हरिपाठाला आला तर त्याला मागे, चपलांपाशी बसवू नये. झोप येते का, घरी बोलणे होते का, एवढे विचारावे. जीव नकोसा झाला असे तो म्हणाला तर ते हसण्यावारी नेऊ नये, त्याला एकटा सोडू नये. देवऋषाकडे न नेता सरकारी दवाखान्यात न्यावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा आकडा फिरवला की अहोरात्र, फुकट, आणि मराठीतूनही बोलता येते. पैशाचा घोर हाही मनाचाच रोग होतो. तेव्हा वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्याची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी झाली आहे का, हेही पाहावे. गावातल्या शिकल्या पोराने अर्ज भरून दिला तर तीही सेवाच.

कोणी म्हणेल, बुवा, ते गडी बिहार-झारखंडाकडचे, त्यांना आपली भाषा कुठली कळायची? नामदेवराय पंजाबात घुमानला जाऊन राहिले. त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. त्यांना तेथे कोणी भाषा विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.