शांत आहे, गोळ्या चालू आहेत

उजनीच्या फुगवट्यावरच्या कुगाव, चिखलठाण, केत्तूर अशा गावांतून कुणी ‘आत’ गेला, की घरच्यांचे हेलपाटे जेऊरच्या स्टेशनावरून सुरू होतात. खटला चालू असेल तर सोलापूर, मोठी शिक्षा लागली तर बहुधा येरवडा. मुलाखतीहून परतलेली आई शेजारणींना सांगते, ‘शांत आहे, गोळ्या चालू आहेत.’ हे ऐकून हायसे वाटावे की काळजाला घोर लागावा, हे मला ठरवता येत नाही.

तुरुंगात मनोविकाराची औषधे लागतातच. कानात सतत आवाज ऐकू येणाऱ्याने गच्च भरलेल्या बराकीत रात्र कशी काढावी? रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधे ते आवाज शमवतात, झोप देतात. ती नाकारणे निव्वळ क्रौर्य आहे. पण बराकीची रात्र बिनबोभाट जावी म्हणूनही तीच गोळी देता येते. दोन्ही वेळा रांग तीच, पाण्याचा घोट तोच, ‘तोंड उघड, जीभ उचल’ हा हुकूमही तोच. जुन्या हॅलोपेरिडोलचा डोस जड झाला, की अंग ताठरते, चालताना हात हलत नाहीत, लाळ गळते. असा माणूस भांडत नाही, तक्रारही करत नाही. त्याला बरा म्हणून मोकळे होणे फार सोपे असते.

2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा धोका बऱ्यापैकी ओळखला आहे. कोणता आजार, कोणते उपचार, त्यांचे दुष्परिणाम काय, हे जाणण्याचा हक्क रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला आहे. तुरुंगाच्या भिंतीपाशी हा हक्क संपत नाही. याच कायद्याचे कलम 103 मात्र मला अस्वस्थ करते. आपल्या तुरुंगात एकही मनोरुग्ण नाही, असा दाखला तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यायचा. आजारी बंद्याला रुग्णालयात हलवावे, हा त्यामागचा हेतू चांगलाच. पण जिथे ‘नाही’ लिहिणे सोयीचे, तिथे गप्प बसलेला रुग्ण कुणाच्या नजरेस पडणार?

महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात तो नजरेस पडला. 1999 साली दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून करणाऱ्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2019मध्ये रद्द केली आणि त्याला मरेपर्यंत कारावास दिला. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी कमी करण्याचे कारण ठरू शकतो, असे न्यायालयाने मानले. निकालपत्रात त्याचे नाव नाही, नुसते ‘एक्स’. त्या मुलींच्या आईबापांना हा निकाल कसा पचला असेल, या विचाराने माझाही घास अडतो. तरीही न्यायालयाचे बरोबरच होते, असे मी म्हणेन: शिक्षा काय आणि का, हे ज्याला उमगत नाही त्याला फासावर चढवून न्याय होत नाही.

अशा निकालापर्यंत पोचणारे थोडे. बाकीच्यांचा जामीन होतो, दिवेलागणीला फाटक उघडते, आणि गोळ्या आतच राहतात. औषध एकाएकी तुटले की आवाज परततात. गावात कुणी ‘बाहेरचं आहे’ म्हणून देवऋषी सुचवतो. सोलापूरच्या सिव्हिलला जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. पुन्हा भांडण, पुन्हा पोलीस. सुटणाऱ्याच्या हाती महिनाभराच्या गोळ्या, औषधांची चिठ्ठी आणि जवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावे पत्र द्यायला फार मोठा खर्च नाही. जामिनाच्या हुकुमाबरोबर एवढे निघालेच पाहिजे.